सुताराची लेक डॉक्टर झाली, ती कोणाच्या रीतीनें?

मुलगी डॉक्टर झाली तरी शेवटीं परक्याचेंच धन, तिच्यावर खर्च कशाला, हें बोलणें गिरणाकांठच्या गांवोगांवीं अजून ऐकूं येतें. ‘आंडेरले इतलं शिकाडीसन काय करनं शे?’ असा सवाल करणारा अडाणीच असतो असें नाहीं. चांगला बागाईतदार, सोसायटीचा चेअरमन, क्वचित् आमच्याच पेशांतला मास्तरही हें बोलतो. त्याला वाटतें, ही आपल्या वाडवडिलांची रीत आहे. ही रीत उसनी आणलेली आहे. उलट ज्या जुन्या रीतीची आज आपल्याला लाज वाटूं लागली, त्याच रीतीनें एका सुताराच्या लेकीला डॉक्टर होण्याची वाट दाखविली, हें आज आम्ही वाचकांपुढें ठेवणार आहों.

ती लेक म्हणजे डॉ. रखमाबाई. आमच्याकडे शाळेंत पहिल्या स्त्री डॉक्टरचें नांव विचारलें, कीं मुली आनंदीबाई जोशी म्हणून सांगतात, आणि तें योग्यच आहे. आनंदीबाईंनीं जें सोसलें त्यापुढें आम्ही हात जोडतों. पण त्यांच्यानंतरचें नांव विचारा, वर्ग गप्प बसतो. दोष पोरींचा नाहीं. तें नांव त्यांना कोणीं शिकविलेंच नाहीं.

प्रथम हीं स्त्रियांचीं वैद्यकीय कॉलेजें निघालीं कशीं तें पाहूं. सरकारला किंवा विद्वानांना दया आली म्हणून तीं निघालीं नाहींत. अमेरिकेंत फिलाडेल्फिया शहरीं १८५० सालीं क्वेकर पंथाच्या मंडळींनीं बायकांसाठीं असें कॉलेज काढलें. पुस्तकी विद्या मिळूं लागली. पण वैद्यक नुसत्या पुस्तकानें येत नाहीं. रोग्याच्या खाटेशीं उभें राहावें लागतें, आणि शहरांतलीं इस्पितळें बायकांना तेथें उभें राहूं देईनात. तेव्हां १८६१ सालीं त्यांनीं बायकांचें निराळें इस्पितळ उभें केलें. पुढें १८६९ सालीं एका मोठ्या इस्पितळानें या विद्यार्थिनींस आंत घेतलें, तर पुरुष विद्यार्थ्यांनीं हुल्लड करून त्यांचें स्वागत केलें. अशा या कॉलेजांतून १८६७ सालीं रिबेका कोल ही कृष्णवर्णीय बाई, १८८६ सालीं आपल्या आनंदीबाई, आणि १८८९ सालीं सुसान ला फ्लेश ही अमेरिकेच्या मूळ रहिवाशांतील ओमाहा जमातीची बाई डॉक्टर होऊन बाहेर पडल्या. ज्यांना दुसरीकडे दार बंद, त्यांना येथें जागा मिळाली.

विलायतेंत तर याहून नवल घडलें. १८६९ सालीं एडिंबरोच्या विद्यापीठांत सोफिया जेक्स-ब्लेक व तिच्या सोबतिणी वैद्यक शिकावयास गेल्या. त्यांतील एडिथ पेची हिनें रसायनशास्त्रांत असे गुण मिळविले कीं शिष्यवृत्ति तिच्याच पदरांत पडावयाची. ती दिली गेली खालच्या नंबरच्या पुरुषांस! गुण बाईचे आणि बक्षीस बाप्याचें. नोव्हेंबर १८७० मध्यें या मुली परीक्षेला निघाल्या, तर जमावानें वाट अडवून चिखलफेक केली आणि परीक्षेच्या दालनांत मेंढरूं सोडलें. शेवटीं १८७३ सालीं कोर्टानेंही त्यांच्याविरुद्ध निकाल दिला. त्या रडत बसल्या नाहींत. १८७४ सालीं लंडन येथें त्यांनीं स्वतःची शाळा काढली, लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेन. पण पुन्हां तेंच: शाळा आहे, इस्पितळ नाहीं. तीन वर्षें असेंच गेलें. १८७७ सालीं रॉयल फ्री हॉस्पिटलनें आपले वॉर्ड खुले केले, तेव्हां कोठें ती शाळा खरी शाळा झाली. हा मुद्दा वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. उपाशी माणसाला भाकरीचें चित्र दाखवावें आणि अन्नदान झालें म्हणावें, तसें इस्पितळावांचूनचें वैद्यकशिक्षण. हीच एडिथ पेची पुढें मुंबईस आली आणि १८८६ सालीं उघडलेल्या, पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगींतून उभ्या राहिलेल्या कामा हॉस्पिटलची मुख्य डॉक्टर झाली.

आतां रखमाबाईंकडे वळूं. त्यांचा जन्म १८६४ सालचा. वडील त्या लहान असतांनाच गेले. आई जयंतीबाई कोवळ्या वयांत विधवा झाली. ती उच्चवर्णीयांच्या घरांत असती, तर केशवपन करून एका कोपऱ्यांत आयुष्य काढती. पण सुतार जातींत विधवेच्या पुनर्विवाहाला मुभा होती. जयंतीबाईंनीं डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशीं लग्न केलें, आणि डॉक्टराच्या घरांत, पुस्तकांच्या सहवासांत पोर वाढली. ज्या पाटाला पांढरपेशे नाक मुरडत होते, त्या पाटानेंच रखमाबाईंना दुसरा बाप दिला आणि विद्येची गोडी दिली.

लग्न मात्र अकराव्या वर्षींच लावून टाकलेलें. नवरा दादाजी भिकाजी. त्याच्या घरीं नांदावयास रखमाबाई गेल्या नाहींत. १८८४ सालीं त्यानें कोर्टांत दावा लावला. १८८५ सालीं न्यायमूर्ति पिन्ही यांनीं तो फेटाळला. अपिलांत चक्र फिरलें आणि मार्च १८८७ मध्यें न्यायमूर्ति फॅरन यांनीं हुकूम केला, कीं नांदावयास जा, नाहीं तर सहा महिने तुरुंगांत जा. बाईनें तुरुंग पत्करतें म्हणून सांगितलें. अखेर १८८८ सालीं दोन हजार रुपये देऊन नवऱ्याशीं तडजोड झाली. या सगळ्या काळांत एडिथ पेची त्यांच्या पाठीशीं उभी होती. आपली शिष्यवृत्ति गमावलेल्या बाईला दुसरीचें दुःख बरोबर कळलें.

येथें एक गोष्ट आम्हांस विचारावयाची आहे. आनंदीबाई आजारी होत्या तेव्हां लोकमान्य टिळकांनीं त्यांना शंभर रुपये पाठविले. हें त्यांचें औदार्य आम्ही नाकारीत नाहीं. मग त्याच टिळकांनीं रखमाबाईंविरुद्ध लेखणी कां चालविली? इंग्रजी शिक्षणानें बाई बिघडली, धर्म संकटांत आला, अशी ओरड कां केली? उत्तर उघड आहे. आनंदीबाई नवऱ्याच्या इच्छेनें शिकल्या, रखमाबाई स्वतःच्या इच्छेनें शिकूं म्हणत होत्या. नवरा शिकवील तेवढें शिकावें, तो म्हणेल तेथें जावें, एवढी विद्या धर्माला चालत होती. बाई आपल्या पायांनीं चालूं लागली कीं धर्म बुडाला! आमचा वाद कोणत्याही जातीशीं नाहीं. तो या तराजूशीं आहे.

१८८९ सालीं रखमाबाई लंडनला त्याच स्त्रियांच्या शाळेंत दाखल झाल्या, रॉयल फ्री हॉस्पिटलच्या वॉर्डांत शिकल्या, आणि १८९४ सालीं डॉक्टर झाल्या. आनंदीबाई पदवी घेऊन परतल्या त्या मरणाच्या दारीं. कोल्हापूरच्या इस्पितळांत नेमणूक झालेली असूनही फेब्रुवारी १८८७ मध्यें पुण्यास त्यांचा अंत झाला. रखमाबाईंना मात्र काळानें सवड दिली. त्यांनीं सुरतेस आणि नंतर राजकोटास बायकांच्या इस्पितळांतून सुमारें पस्तीस वर्षें सेवा केली, आणि १९५५ सालीं त्या वारल्या. सुरत आपणां खानदेशवाल्यांना परकी नाहीं. आपली गिरणा ज्या तापीस मिळते, तिच्याच कांठचें तें शहर. तेथें किती बायका त्यांच्या हातून सुखरूप सुटल्या असतील! आणि आपल्या घरांत त्यांचें नांवही नाहीं.

आतां आपल्याकडे पाहूं. गेल्या कांहीं पिढ्यांत आपल्यांतल्या पुष्कळ घरांनीं कुळीचा तोरा मिरविण्यासाठीं पाट बंद केला, विधवेला घरांत कोंडलें, आणि मुलीचें लवकर लग्न म्हणजे अब्रू असें मानलें. वरच्यांनीं जें टाकून दिलें तें आपण वेंचून घेतलें. त्यांच्या मुली आतां परदेशीं शिकतात. आपल्याकडे कायद्याचीं अठरा वर्षें भरलीं कीं हळद लागते.

खर्चाची सबब सांगणाऱ्यांना आमचें उत्तर ऐका. आज समुद्र ओलांडावा लागत नाहीं. जळगांवास आणि धुळ्यास सरकारी वैद्यकीय महाविद्यालयें आहेत, इस्पितळांसह आहेत. जुलै २०२४ मध्यें महाराष्ट्र सरकारनें आठ लाखांच्या आंतील उत्पन्नाच्या मागास व दुर्बल घटकांतील मुलींस व्यावसायिक शिक्षणाची फी पूर्ण माफ केली. पुण्याजवळ लवळे येथें २०२० सालीं खास मुलींचें वैद्यकीय महाविद्यालय निघालें, ही चांगली गोष्ट. पण तें अभिमत विद्यापीठाचें आहे, आणि अशा ठिकाणीं ही माफी लागू नाहीं. तेव्हां शेतकऱ्याच्या पोरीची खरी भिस्त सरकारी जागेवर, आणि ती जागा ‘नीट’च्या गुणांवर मिळते. त्या शिकवणीला पैसा लागतो, हें आम्हांस मान्य आहे. पण तोच पैसा मांडव, डीजे, घोडा आणि हुंडा यांसाठीं कोठून निघतो? केळीच्या एका हंगामाची कमाई दोन दिवसांत उधळणारा बाप शिकवणीचें नांव काढतांच गरीब कसा होतो?

दुसरी सबब अशी, कीं शिकलेल्या पोरीला जोडीदार मिळत नाहीं. मग आमचा साधा प्रश्न: तुमची सून बाळंतपणांत अडली तर तुम्ही बाई डॉक्टर शोधतां कीं नाहीं? ती बाई कोणाची तरी लेकच असते. दुसऱ्याची लेक डॉक्टर हवी आणि आपली मात्र चुलीपाशीं, हा कोठला न्याय?

म्हणून आमचें सांगणें एवढेंच. गांवच्या शाळेंत रखमाबाईंचें नांव शिकवा आणि त्यांच्या आईचेंही शिकवा. पोरीच्या लग्नाची बोलणी तिचें शिक्षण पुरें होईपर्यंत बंद ठेवा. लग्नाच्या खर्चांतून शिकवणीचा पैसा काढा, आणि ज्याला तें एकट्यानें जमत नाहीं त्याच्यासाठीं गांवानें मिळून फंड उभा करा. एडिंबरोहून हाकललेल्या बायकांनीं स्वतःची शाळा उभी केली. आपल्याला शाळा काढावयाची नाहीं, इस्पितळही बांधावयाचें नाहीं. तीं दोन्हीं उभीं आहेत. आपल्याला फक्त पोरीची वाट सोडावयाची आहे.