कोजागरीचा ससा

आज कोजागरी. गच्च्यांवर दूध आटेल, थोरल्या लेकराला ओवाळून त्याची आश्विनी होईल आणि ‘साऱ्या जगाला एकच चंद्र’ हे वाक्य कुणीतरी भाषणात हमखास टाकेल. खोटे नाही, पण अर्धेच आहे. सुमारे ३ लाख ८४ हजार किलोमीटरवरून चंद्र सगळ्यांना आपली तीच बाजू दाखवतो. ती सुलटी दिसणार की उलटी, हे बघणारा कुठे उभा आहे यावर ठरते.

बीड विषुववृत्ताच्या उत्तरेला १९ अंशांवर. म्हणून आज मध्यरात्री चंद्र जवळजवळ डोक्यावर येईल, मान दुखेपर्यंत वर बघावे लागेल. लंडनच्या मराठी घराला तो दक्षिणेकडे, निम्म्या उंचीवरच दिसेल. मेलबर्नला तो उत्तरेच्या आकाशात, आणि आजीने दाखवलेला ससा चक्क उलटा! अर्थात त्यासाठी मेलबर्न कशाला? आपल्याच गच्चीवर चंद्र उगवताना सशाचे कान वर असतात, पहाटे मावळतीला डोके खाली. जागायचेच आहे तर एवढे बघून घ्यावे. सुकामेव्याच्या भावात ही करमणूक फुकट पडते.

शिरूर, पाटोदा, धारूर, केजच्या वाड्यावस्त्यांवर मात्र आज दुधाआधी ऊसतोडीच्या उचलीचा हिशेब निघतो. दसरा-दिवाळीच्या आगेमागे मुकादम टोळ्या हलवतो आणि नवरा-बायकोचा कोयता कोल्हापूर, सांगली, बेळगावच्या फडावर जातो. दत्तजयंतीचा चंद्र तर अगदी माथ्यावर असतो. त्याच्या उजेडात मोळ्या वाहून गाडी भरायची. बीड आणि बेळगावच्या अक्षांशांत जेमतेम तीन अंशांचा फरक. तिथे चंद्र पाच-सहा मिनिटे उशिरा उगवतो, ससा होता तसाच. आकाशाच्या मापाने दोन्ही गावे शेजारची. पण आज जिला ओवाळले ती थोरली उद्या आजीजवळ राहणार, किंवा धाकट्याला सांभाळायला शाळा सोडून फडावर जाणार.

तेव्हा जिल्हा परिषदेने हंगामी वसतिगृहे दिवाळीची सुट्टी सरण्याची वाट न बघता उघडावीत. कोणाचे आई-बाप जाणार, हे गुरुजींना आजच ठाऊक आहे. टोळी ज्या सकाळी निघेल, त्याच संध्याकाळी मागे राहिलेल्या मुलांच्या ताटात गरम भाकरी पडली पाहिजे. त्यासाठीच्या मंजुरीचे कागद याच पंधरवड्यात हलवा.