लाल गालिचा आणि ‘जॉर्ज’

हल्ली लग्नाच्या हॉलपासून पुढाऱ्यांच्या सभेपर्यंत कुठेही लाल गालिचा अंथरलेला दिसतो. ‘रेड कार्पेट’ हा शब्द तर आता मराठीच होऊन बसला आहे. अमेरिकेत हा शब्द लोकांच्या तोंडी बसवण्याचे श्रेय पुष्कळजण एका रेल्वेगाडीला देतात. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकात त्या गाडीसाठी फलाटावर लांबलचक किरमिजी गालिचा अंथरला जाई. त्यावर गाडीचे नावही असे. प्रवासी त्यावरून चालत आपापल्या डब्यापर्यंत जात. त्या गाडीचे नाव ‘ट्वेंटिएथ सेंच्युरी लिमिटेड’.

न्यूयॉर्क आणि शिकागो यांच्या दरम्यान ही गाडी १७ जून १९०२ रोजी सुरू झाली. अंतर सुमारे १,५५० किलोमीटर आणि वेळ वीस तास. न्यूयॉर्क सेंट्रल कंपनीचा हा मार्ग हडसन नदीच्या काठाने आणि पुढे ईरी सरोवराच्या बाजूने जाई, त्यामुळे वाटेत घाटाची चढण नव्हती. पाणी भरायला थांबावे लागू नये म्हणून रुळांच्या मधोमध लांब हौद बांधले होते. धावते इंजिन खाली नळ सोडून त्यातले पाणी वर ओढून घेई!

१९३०च्या दशकात मंदी आली आणि मोटारीही वाढल्या. प्रवासी टिकवायचे तर काहीतरी नवे दाखवायला हवे, म्हणून अमेरिकेतल्या रेल्वे कंपन्यांनी वाऱ्याला कापत जाणाऱ्या, गुळगुळीत अंगाच्या ‘स्ट्रीमलाइन्ड’ गाड्या काढल्या. सेंच्युरीचे हे नवे रूप हेन्री ड्रेफस या कलावंताने घडवले. अमेरिकेतल्या घराघरांतल्या टेलिफोनला आकार देणारा हाच माणूस. इंजिनाच्या टोकदार नाकापासून जेवणाच्या टेबलावरच्या बशीपर्यंत सगळे त्याने एका हाताने बेतले. १५ जून १९३८ रोजी राखाडी-निळ्या रंगाची ही नवी गाडी धावू लागली. आता वेळ सोळा तासांवर आली होती. प्रत्येक प्रवाशाला बंद खोली मिळे. पेनसिल्व्हेनिया रेलरोड या प्रतिस्पर्धी कंपनीने त्याच दिवशी आपली ‘ब्रॉडवे लिमिटेड’ तितक्याच वेळात पळवली, यावरून चुरस किती होती ते कळावे.

आपल्या डेक्कन क्वीनचा तोरा आपण जाणतोच. ती १९३० पासून मुंबई-पुण्याच्या लोकांची लाडकी आहे. पण तो काही तासांचा प्रवास. सेंच्युरी ही रात्रीची गाडी. रात्र आली की अंथरूण आले, आणि अंथरूण आले की ते घालणारा माणूस आला. वाचकहो, मला खरे सांगायचे आहे ते या माणसाबद्दल.

गाडी न्यूयॉर्क सेंट्रलची असली तरी तिचे शयनयान डबे पुलमन कंपनी चालवी. त्या डब्यांतले पोर्टर बहुतेक सगळे कृष्णवर्णीय. जॉर्ज पुलमन यांनी अमेरिकेतले यादवी युद्ध संपल्यावर गुलामगिरीतून सुटलेल्या माणसांना या कामावर घ्यायला सुरुवात केली, तेव्हापासूनची ही रीत. सामान उचलायचे, बिछाने घालायचे, रात्री-अपरात्री घंटा वाजली की धावायचे. खोलीला जोड्यांसाठी छोटी कपाटवजा पेटी असे. तिला आतून एक दार, बाहेरच्या बोळातून दुसरे. प्रवासी झोपला की पोर्टर बाहेरून जोडे काढून घेई आणि सकाळी ते चकचकीत होऊन जागेवर असत. त्या पॉलिशचे पैसे पोर्टरच्याच खिशातून जात. पगार तुटपुंजा, सारी भिस्त बक्षिसीवर. आणि महिन्याचे काम ४०० तासांचे!

पण मला सर्वांत बोचते ते वेगळेच. प्रवासी या सगळ्यांना ‘जॉर्ज’ अशीच हाक मारत. मालकाचे नाव जॉर्ज, म्हणून नोकरही जॉर्ज. गुलामाला धन्याच्या नावाने ओळखण्याची ही जुनीच खोड. आईबापांनी ठेवलेले नाव डब्याच्या पायरीखाली ठेवूनच कामावर चढायचे.

२५ ऑगस्ट १९२५ रोजी न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात या पोर्टरांनी आपली संघटना उभी केली. पुढारी निवडला ए. फिलिप रँडॉल्फ. ते स्वतः पोर्टर नव्हते, त्यामुळे कंपनी त्यांना कामावरून काढू शकत नव्हती! बारा वर्षे झगडा चालला. अखेर २५ ऑगस्ट १९३७ रोजी पुलमन कंपनीने करारावर सही केली. पगार वाढला, महिन्याचे तास ४०० वरून २४० वर आले. ड्रेफसची देखणी गाडी धावायला लागली ती त्यानंतर वर्षभराच्या आत. चित्रांच्या पुस्तकांत १९३८ हे साल ठळक असते. मला मात्र १९३७ जास्त मोलाचे वाटते.

पुढे विमाने आली, रुंद महामार्ग झाले. हिचकॉकच्या १९५९च्या ‘नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट’ चित्रपटात सेंच्युरीची ऐट दिसते, पण तोवर तिचे दिवस भरत आले होते. २ डिसेंबर १९६७ रोजी ती ग्रँड सेंट्रलहून शेवटची निघाली. वाटेत मालगाडी घसरल्याने शिकागोला पोहोचायला नऊ तासांहून अधिक उशीर झाला. आज अ‍ॅमट्रॅकची ‘लेक शोअर लिमिटेड’ त्या मार्गाने जाते आणि एकोणीस-वीस तास घेते, म्हणजे जवळपास १९०२ इतकेच.

गाडी गेली, गालिचा गुंडाळला गेला. पण पोर्टरांचे काम पुढे गेले. १९५५ मध्ये मॉन्टगोमेरी शहरात रोझा पार्क्स यांना बसमधली जागा न सोडल्याबद्दल अटक झाली, तेव्हा त्यांना जामिनावर सोडवायला धावलेले ई. डी. निक्सन हे पुलमन पोर्टरच होते. आणि १९६३च्या वॉशिंग्टनच्या विराट मोर्चाचे म्होरके होते तेच रँडॉल्फ.

आपल्या एसी डब्यातही चादरी-उशा देणारा एक मुलगा असतो, बहुधा कंत्राटदाराचा. रात्रभर त्याला ‘ए भाई’, ‘अरे छोटू’ अशा हाका चालू असतात. स्टेशनात लाल डगल्यातल्या माणसाला ‘ए हमाल’ म्हणतो. कुणाचा अपमान करावा असे आपल्या मनात नसते, हे खरे. पण सेंच्युरीतल्या प्रवाशांच्याही मनात ते नसावे. सोय मिळत गेली की सोय करणाऱ्याचे नाव विचारायचे राहून जाते, ते असे. पुढच्या प्रवासात चादर हातात घेताना एवढेच विचारा, ‘बाळ, तुझं नाव काय?’ त्याला तिकीट लागत नाही.