लोभाच्या नावाखाली

ऑनलाइन फसवणुकीची बातमी आली की आपल्याकडचा शिकलेला माणूस हमखास म्हणतो, 'फुकट म्हटलं की लोक तुटून पडतात.' पोलिसांच्या आवाहनात, बँकेच्या सूचनेत, सोसायटीच्या ग्रुपवर उपदेश तोच : लोभ धरू नका. हा उपदेश चुकीच्या माणसाला केला जातो, आणि त्याचा सगळ्यात जास्त फायदा फसवणाऱ्यालाच होतो.

'चार प्रश्नांची उत्तरं द्या, बक्षीस मिळवा' हाच प्रकार घेऊ. मार्च २०२१ मध्ये अ‍ॅमेझॉनच्या '३०व्या वर्धापनदिना'चा संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर फिरला. कंपनी १९९४ची, म्हणजे तिशी गाठायला तिला अजून तीन वर्षं होती. लिंक उघडली की चार प्रश्न यायचे : वय, स्त्री की पुरुष, सेवा कशी वाटते, फोन अँड्रॉइड की आयफोन. मग पडद्यावर काही खोकी, त्यातल्या एकात महागडा मोबाइल. तो हवा असेल तर अट अशी, की हाच संदेश पाच ग्रुपना किंवा वीस जणांना पाठवा. त्याच वर्षाच्या सुरुवातीला ताज हॉटेलच्या नावाने व्हॅलेंटाइनचं गिफ्ट कार्ड असंच फिरलं, आणि आपली अशी कोणतीही योजना नाही असा खुलासा हॉटेलला करावा लागला. २०१८ मध्ये आदिदासच्या नावाने फुकट बूट 'वाटले' जात होते. त्या पत्त्यात इंग्रजी 'आय'वरचं टिंब तेवढं गायब होतं. मोबाइलच्या पडद्यावर ते कुणाच्या लक्षात येणार?

या प्रश्नांच्या उत्तरांचं पुढे काय होतं? काहीच नाही. वय अठरा सांगा की ऐंशी, सेवा उत्तम म्हणा की भिकार, बक्षीस लागतंच. मग प्रश्न विचारायचेच कशाला? नुसतं 'फुकट घ्या' म्हटलं तर बहुतेक जण संदेश पुसून टाकतील म्हणून. घासाघीस करून भाजी घेणाऱ्या, उसनी आणलेली साखर वाटी भरून परत करणाऱ्या माणसांना फुकटच्या वस्तूचा संकोच असतो. चार प्रश्नांची उत्तरं दिली की तो संकोच फिटतो. आपण वेळ दिला, मत दिलं, त्याचा हा मोबदला, असं वाटू लागतं. सर्वेक्षणाचा हा देखावा लोभी माणसासाठी नाहीच. तो मांडलाय तो फुकटचं घ्यायला लाजणाऱ्यासाठी. आणि त्यालाच आपण नंतर लोभी म्हणतो.

आपल्याकडे 'आवळा देऊन कोहळा काढणे' म्हणतात. इथे आवळाही द्यावा लागत नाही. वीस जणांना संदेश गेला की पुढचं पान उघडतं, मग त्याच्या पुढचं. कुठे जाहिराती, कुठे एखादं अ‍ॅप उतरवून घ्या, कुठे नाव-पत्ता-मोबाइल नंबर भरा. प्रत्येक पायरीवर कुणाला तरी पैसे मिळतात. आदिदासच्या त्या खेळात बुटांसाठी शेवटी एक डॉलर मागितला जाई, आणि तो भरणाऱ्याच्या गळ्यात दरमहा सुमारे पन्नास डॉलरची वर्गणी पडे.

पण खरी चोरी त्याआधी, त्या वीस जणांपाशीच झालेली असते. मी अनुवादाचं काम करते, म्हणून मला ही जागा जास्त बोचते. मूळ पान बहुधा इंग्रजीत किंवा यंत्राने केलेल्या ओबडधोबड भाषांतरात असतं. 'अभिनंदन! आपण निवडले गेला आहात.' कुणी निवडलं, कशासाठी, याचा पत्ता नाही. पूर्वी इनामाला सनद असे. देणारा कोण, घेणारा कोण, कशाबद्दल, हे तीत लिहिलेलं असे. इथे वाक्याला कर्ताच नाही. असलं वाक्य अनोळखी नंबरावरून आलं तर कोण विश्वास ठेवील? म्हणून ते मावशीकडून येतं, आणि वर तिने स्वतः लिहिलेलं असतं, 'अगं, माझं झालं, तूही करून बघ.' हे वाक्य मात्र अस्सल मराठी असतं. इंदूरला, बडोद्याला, बेळगावला ते त्या-त्या घरच्या मराठीत लिहिलं जातं, आणि शेजारच्या घरात हिंदीत, गुजरातीत, कन्नडमध्ये. फसवणाऱ्याला जी भाषा येत नाही, तिच्यातला अनुवाद तो आपल्याच माणसांकडून बिनपैशाने करून घेतो. फसल्याचं कळल्यावर मावशी गप्प बसते. कारण तक्रार केली तर 'लोभी' ठरण्याची भीती. १९३० हा सायबर गुन्ह्यांचा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे खरा, पण लाजेने गप्प बसलेला माणूस तो फिरवणार नाही.

कायदे आहेत. देण्याचा इरादा नसताना भेटवस्तूची लालूच दाखवणं २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 'डार्क पॅटर्न'चे १३ प्रकार ठरवून दिले. खोटी घाई, सक्तीची कृती, वर्गणीचा सापळा, दाखवायचं एक आणि गळ्यात मारायचं दुसरं, हे सगळे त्यात आहेत. त्याच वर्षीच्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात, माहिती मागणाऱ्याची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय असली पाहिजे, असं म्हटलं आहे. म्हणजे मराठीतसुद्धा.

कुणी म्हणेल, निनावी भामटे कायदा कशाला पाळतील? नाहीच पाळणार. पण नाव असलेल्या कंपन्या तरी काय वेगळं करतात? मॉलमधली लकी ड्रॉची पेटी, प्रदर्शनातला 'फक्त दोन मिनिटांचा फॉर्म', अ‍ॅपवरचं फिरतं चक्र : बक्षिसाच्या आशेवर नंबर लिहून द्यायची सवय आपल्याला त्यांनीच लावली. भामट्याने फक्त तिची नक्कल केली. खऱ्यांनी आपल्या अटी सरळ मराठीत, वाचता येतील एवढ्या अक्षरात छापल्या, तर खोटा निदान वेगळा तरी दिसेल.

हे एका साहित्यिक नियतकालिकात कशासाठी, असं वाटत असेल तर जनगणनेकडे पाहा. २०२१ची राहून गेलेली जनगणना आता २०२७ची म्हणून होते आहे. ती डिजिटल आहे आणि आपली माहिती आपणच ऑनलाइन भरण्याची सोय तिच्यात आहे. मातृभाषा कोणती, हा प्रश्नही त्या माहितीतच येतो. कोणती भाषा किती लोक बोलतात याचे आकडे त्यातून ठरतात, आणि अनेक लहान भाषांचं अस्तित्व सरकारदरबारी त्या आकड्यांवरच मोजलं जातं. त्या उत्तरांच्या गुप्ततेची हमी १९४८च्या कायद्याने दिली आहे, आणि बक्षीस काहीच नाही. पण 'लिंक उघडा, प्रश्नांची उत्तरं द्या' याचा अर्थच फसवणूक असा लोकांच्या मनात बसला, तर खऱ्या प्रश्नाला कोण खरं उत्तर देईल?

म्हणून दोन गोष्टी व्हायला हव्यात. लोभाचं प्रवचन थांबवून फसलेल्या माणसाला बोलतं करायला हवं. आणि त्या १३ प्रकारांना आपापल्या भाषांत चारचौघांच्या तोंडी बसतील अशी नावं मिळायला हवीत, कारण ज्याला नाव नाही त्याची तक्रार नोंदवता येत नाही. हे दुसरं काम सरकारी परिभाषा कोशावर सोडू नये. ते आपलं, अनुवादकांचं आहे.