गरण्यापलीकडचे पाणी

जुन्नरच्या लेण्यांतील एका प्राचीन शिलालेखात धान्यव्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे व पाण्याची पोढी दान दिल्याची नोंद आहे. पाण्याविषयीची व्यापाऱ्यांची आस्था या मुलखात इतकी जुनी. मंचर, घोडेगाव, ओतूर, नारायणगाव येथील जैन घरांत गरण्यातून पाणी गाळण्याची रीत त्याच आस्थेची.

या रीतीला आधुनिक शास्त्रानेही मान दिला आहे. बांगलादेशातील खेड्यांत जुन्या साडीच्या घड्यांतून पाणी गाळल्याने पटकीचे रुग्ण जवळपास निम्म्याने घटले, असे रिटा कोलवेल यांच्या चमूने २००३ मध्ये प्रसिद्ध केले. मात्र कापडात अडकतात ते सूक्ष्म जलचर व त्यांना चिकटलेले जंतू. सुटा जिवाणू धाग्यांमधून सहज निसटतो. निरोगी माणसाला बहुधा त्याची झळ लागत नाही. मूत्रपिंड वा यकृत बदललेल्या रुग्णाचे तसे नाही. परका अवयव शरीराने नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमससारखी औषधे त्याची प्रतिकारशक्ती जाणूनबुजून दबलेली ठेवतात.

क्रोमोबॅक्टेरियम व्हायोलेशियम हा अशा वेळी उठणारा एक दुर्मीळ शत्रू. उष्ण प्रदेशांतील माती व पाण्यात तो राहतो. प्रयोगशाळेत त्याच्या वसाहती जांभळ्या दिसतात. माणसातील त्याची पहिली नोंद १९२७ मध्ये मलायात झाली. तो बहुधा तोंडावाटे नव्हे, तर खरचटलेल्या त्वचेतून शिरतो. ताप, त्वचेवर पुवाळलेले फोड, मग यकृतात गळवे. रक्तात पसरल्यास काही दिवसांतच जीव जाऊ शकतो. पेनिसिलीन गटातील नेहमीची अनेक औषधे त्यावर चालत नाहीत.

म्हणून अशा घरात रुग्णाचे पाणी गाळून, शिवाय खळखळून उकळावे. पावसाळ्यात उकळलेले पाणी तीन प्रहरांपुढे न वापरण्याची परंपरेची मर्यादा येथे अगदी उपयोगी. साठवणीच्या भांड्यात हात बुडाला की उकळण्याचे श्रम वाया जातात. जीवाणी विहिरीत परत सोडण्याचे काम मात्र घरातील दुसऱ्या कोणी करावे. रुग्णाने ओल्या पायऱ्या उतरू नयेत, आषाढ-श्रावणात भातखाचरात, ओढ्यात वा डिंभे धरणाच्या काठी अनवाणी जाऊ नये. खरचटल्यास जखम लगेच साबणाने धुवून झाकावी. ताप आल्यास दुकानातून गोळी आणून वाट पाहू नये. प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांना त्याच दिवशी कळवावे, आणि पाय कोणत्या पाण्यात पडला होता तेही न विसरता सांगावे.