लाइन गेली की गेमिंग लॅपटॉपचा दम का जातो?

परतवाड्यात मे महिन्यात लाइन जाणं ही बातमी नाही. बातमी व्हायला हवी ती त्यानंतरच्या गोष्टीची. ७०-८० हजारांचा गेमिंग लॅपटॉप, समोर व्हॅलोरंट किंवा जीटीए सुरू, स्क्रीनवर १०० च्या वर फ्रेम पळताहेत आणि लाइट जाते. लॅपटॉप बंद पडत नाही, पण गेम अडखळायला लागतो. फ्रेम थेट ३० वर येतात. बॅटरी ९५ टक्के दाखवत असते. मग सुरुवात होते ती संशयाला: लॅपटॉप खराब निघाला का? दुकानदाराने फसवलं का?

लॅपटॉप खराब नसतो. दुकानदारानेही बहुतेक वेळा खोटं सांगितलेलं नसतं. त्याने फक्त अर्धं सांगितलेलं असतं, आणि माझं भांडण त्या न सांगितलेल्या अर्ध्याशी आहे.

आधी हिशेब पाहू. आरटीएक्स ४०५० किंवा ४०६० सारख्या लॅपटॉपमधल्या ग्राफिक्स चिपला कंपनीने ठरवून दिलेली मर्यादा ३५ ते ११५ वॅट असते. प्रोसेसर, स्क्रीन, पंखे धरले तर जड गेम चालताना पूर्ण मशीन १८० वॅटच्या आसपास सहज जातं. म्हणूनच सोबत विटेएवढा २३० वॅटचा ॲडॉप्टर येतो. आता बॅटरी बघा. या किमतीत ती साधारण ५५ ते ६० वॅट-अवरची मिळते. ६० वॅट-अवर म्हणजे १८० वॅटने ओढलं तर २० मिनिटं. बस.

पण २० मिनिटं तरी पूर्ण ताकदीने का चालू देत नाहीत? कारण प्रश्न बॅटरीत किती वीज आहे एवढाच नाही, ती किती वेगाने बाहेर काढता येते हाही आहे. टाकी भरलेली असली तरी नळ अर्ध्या इंचाचा असेल तर धार तेवढीच पडणार. १५ व्होल्टच्या बॅटरीतून १८० वॅट काढायचे तर १२ अँपिअर करंट लागतो. बॅटरी एका तासात आरामात रिकामी होईल त्या वेगाच्या हा तिप्पट. करंट तिप्पट झाला की सेलच्या आतल्या रोधामुळे तयार होणारी उष्णता नऊपट होते, कारण उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. शिवाय व्होल्टेज खाली बसतं आणि मशीन अचानक बंद पडण्याची भीती. ड्रोन किंवा कॉर्डलेस ड्रिलचे सेल अशा ओढीसाठीच बनवलेले असतात. लॅपटॉपचे सेल कमी जागेत जास्त वीज साठवायला आणि ती सावकाश द्यायला बनवलेले असतात.

म्हणून पिन निघाली की लॅपटॉप स्वतःच ग्राफिक्सची वीज कापतो. अनेक मॉडेलमध्ये ती ३० ते ५० वॅटच्या आसपास येते, आणि कंपनीच्या ॲपमधला ‘परफॉर्मन्स’ मोड बॅटरीवर निवडताच येत नाही. त्यावर एनव्हिडियाचं ‘बॅटरी बूस्ट’. २०१४ मध्ये आलेली ही सोय बॅटरीवर फ्रेमची संख्या बांधून ठेवते, जुन्या सेटिंगमध्ये ती मर्यादा ३० ची असे. अगदी ३० वरच काटा अडकला असेल तर दोष बहुधा याचाच, आणि ही सोय एनव्हिडियाच्या ॲपमधून बंद करता येते. फ्रेम थोड्या वाढतील, बॅटरी मात्र डोळ्यांदेखत उतरेल.

एक दिलासा आहे. वीज निम्मी झाली म्हणून वेग निम्मा होतोच असं नाही. चिपला लागणारी वीज व्होल्टेजच्या वर्गाने वाढते, त्यामुळे शेवटचे १०-१५ टक्के वेग मिळवायला ती भरमसाट खाते. ११० वॅटवरून ८० वर आणलं तर खेळणाऱ्याला फारसा फरक कळत नाही. ४० च्या खाली मात्र घसरण जोरात होते, आणि बॅटरी मोड बहुतेक वेळा तिथेच नेऊन सोडतो.

मोठी बॅटरी का बसवत नाहीत? विमानामुळे. प्रवासी विमानात १०० वॅट-अवरपर्यंतची लिथियम बॅटरी परवानगीशिवाय नेता येते, त्यापुढे विमान कंपनीची मंजुरी लागते. म्हणून महागड्या लॅपटॉपवरही ९९ किंवा ९९.९ हाच आकडा दिसतो. परतवाडा-अमरावती एसटीने जाणाऱ्या पोराला या नियमाशी काय घेणं, पण त्याच्या लॅपटॉपची कमाल हद्द तिथेच ठरलीय.

ॲपलने ऑक्टोबर २०२१ मध्ये एम१ प्रो आणि मॅक्स चिपचे मॅकबुक आणले, तेव्हा बॅटरीवरही तोच वेग मिळतो ही जाहिरातीची मुख्य ओळ होती. ते जमलं, कारण ती अख्खी चिपच कमी वीज खाते. पण २०२१ मध्ये भारतात त्यांची किंमत १ लाख ९४ हजार ९०० पासून सुरू होत होती, आणि आपल्याकडे खेळले जाणारे निम्मे गेम त्यावर चालत नाहीत.

गेमचं सोडा, असं कोणी म्हणेल. पण अचलपूर, चांदूर बाजार भागात हा लॅपटॉप घरात येतो तो ‘इंजिनीअरिंगसाठी लागतो’ म्हणून. कुणाकडे आंबिया बहराच्या संत्र्याचे पैसे, कुणाकडे सोयाबीनचे, कुणाकडे सरळ ईएमआय. आणि तो खरंच लागतो. ब्लेंडरमधलं रेंडर, मशीन लर्निंगचं मॉडेल ट्रेन करणं, हे सगळं त्याच ग्राफिक्स चिपवर चालतं. सबमिशनच्या आदल्या रात्री लाइन गेली की अडखळतो तो गेम नाही, प्रोजेक्ट. तासाभराचं ट्रेनिंग बॅटरीवर संपत नाही आणि मधेच मशीन बंद पडलं तर पुन्हा पहिल्यापासून. दर काही मिनिटांनी चेकपॉइंट सेव्ह होईल अशी सोय कोडमध्ये आधीच करून ठेवा.

आता माझं मत. गेमिंग लॅपटॉपच्या खोक्यावर दोन आकडे ठळक असतात. एक, ग्राफिक्सची ताकद. दुसरा, ‘८ तासांपर्यंत’ बॅटरी. दोन्ही खरे, पण एकाच वेळी कधीच खरे नाहीत. पहिला पिन लावलेली असताना, दुसरा मंद स्क्रीनवर व्हिडिओ बघताना. बाइकचा टॉप स्पीड आणि ॲव्हरेज एकत्र मिळत नाही, हे गावातल्या कुणालाही सांगावं लागत नाही, कारण बाइक घरात तीन पिढ्यांपासून आहे. ज्या घरात पहिलाच लॅपटॉप येतोय, तिथे हे कोण सांगणार?

कंपन्या म्हणतील, हे भौतिकशास्त्र आहे. मान्य. पण भौतिकशास्त्र छापायला बंदी नाही. २०२१ मध्ये, एकाच नावाच्या चिप वेगवेगळ्या लॅपटॉपमध्ये फार वेगळ्या ताकदीने चालतात म्हणून ओरड झाली, तेव्हा एनव्हिडियाने लॅपटॉप कंपन्यांना ग्राफिक्सचे वॅट जाहीर करायला सांगितलं. तसाच तिसरा आकडा हवा: बॅटरीवर ग्राफिक्सला किती वॅट. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ वस्तूचा दर्जा आणि क्षमता जाणून घेण्याचा हक्क देतो, १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. दुकानात विचारणारे वाढले तर आकडा छापलाही जाईल.

तोवर घरचा उपाय इन्व्हर्टर. आपल्याकडे सर्रास दिसणारी १५० एएचची ट्युब्युलर बॅटरी कागदावर १८०० वॅट-अवरची, म्हणजे लॅपटॉपच्या बॅटरीच्या ३० पट. पंखा-लाइट सांभाळून दोन-तीन तास गेमिंग लॅपटॉप पूर्ण ताकदीने चालवेल, फक्त इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचा बघा. लाइन गेल्यावर बदलाच्या क्षणी एक झटका बसेल, तेवढा वेळ लॅपटॉपची बॅटरी सांभाळून घेते. या लॅपटॉपात बॅटरीचं खरं काम हेच, यूपीएसचं. टाइप-सीचा ६५ वॅटचा चार्जर लावून मात्र हा वेग येणार नाही, मोठा ॲडॉप्टरच हवा.

आणि वऱ्हाडातल्या लोकांसाठी खास: लिथियम-आयन सेल चार्ज करण्याची सर्वसाधारण मर्यादा ४५ अंश असते. मे २०२४ मध्ये अकोल्यात बाहेरचा पाराच त्यापुढे गेला होता. त्यात पिन लावून, १०० टक्के चार्ज ठेवून दुपारभर गेम म्हणजे बॅटरी फुगायला आमंत्रण. ॲपमध्ये ८० टक्क्यांची मर्यादा लावा. लाइन जाते म्हणून १०० हवेत, हे ऐकायला बरोबर वाटतं, पण बॅटरीवर जड काम तसंही होत नाही. फाइल सेव्ह करून इन्व्हर्टरकडे वळायला ८० भरपूर झाले.

खरेदीला अमरावतीला जाणार असाल तर डेमो सुरू असताना एक करा. गेम चालू ठेवा, फ्रेमचा आकडा स्क्रीनवर आणायला सांगा आणि पैसे देण्याआधी पिन काढा. दुकानदार काय म्हणतो ते ऐका, पण नजर आकड्यावर ठेवा.