मौन म्हणजे संमती?

गेल्या दिवाळीत आम्ही भंडाऱ्याला भावाकडे गेलो होतो. फराळाला बसतो न बसतो तोच लाखांदूरहून वहिनींचे बंधू तणतणत आले. धान कापून ठेवलेले, मजूर सांगून ठेवलेले, आणि मळणीयंत्राचा पत्ता नाही! मजुरी मात्र द्यावी लागली. यंत्राच्या फेरीची तारीख त्यांनी पाहिली होती ती आमच्या पुतण्याने पीएचपी भाषेत, लाराव्हेल नावाच्या तयार चौकटीवर बांधलेल्या पानावर. मुलगा बिचारा लाडू टाकून उठला.

आता असे पाहा. सातबारा पाहताना आपण जिल्हा, तालुका, गाव, गट क्रमांक भरतो ना? अशी प्रत्येक माहिती नाव लावलेल्या चिठ्ठीसारखी पलीकडच्या संगणकाकडे जाते. काही चिठ्ठ्या पानाच्या पत्त्यातच प्रश्नचिन्हापुढे लावलेल्या असतात, काही अर्जाच्या पोटात. लाराव्हेलमध्ये ‘इनपुट’ म्हणून मागितले तर दोन्हीकडे शोध होतो. ‘क्वेरी’ म्हटले तर फक्त पत्त्यात. आणि चिठ्ठी आलीच नाही तर काय धरायचे, हेही आधी सांगून ठेवता येते.

घोटाळा इथेच झाला. मामांना कुणी धाडलेल्या पत्त्याची शेपटी वाटेत गळाली होती. तालुक्याची चिठ्ठी पोचलीच नाही. चिरंजीवांनी तर लिहून ठेवले होते : तालुका नसेल तर ‘भंडारा’! जिल्ह्यात तालुके सात. पण पानाने मुकाट्याने भंडाऱ्याची तारीख दाखवली, वर तालुक्याचे नावही नाही.

असला भोळेपणा पीएचपीलाही एके काळी भोवला आहे. बाहेरून आलेली प्रत्येक चिठ्ठी आपोआप कार्यक्रमात जाऊन बसत असे. कुणीही भलतीच चिठ्ठी आत सरकवावी! २००२ साली ही सोय मूळ मांडणीत बंद ठेवली गेली आणि २०१२ साली ती काढूनच टाकली.

रात्री पुतण्याने दुरुस्ती केली. आता तालुका आलाच पाहिजे आणि तो सातांपैकीच हवा. नाहीतर पान तारीख न दाखवता तालुका विचारते. मजुरीचे पैसेही त्याने मामांना भरून दिले.

“पण काका, आधीच भरून ठेवलेले उत्तर नेहमीच वाईट का?” त्याने विचारले.

“नाही रे. यादीचे कितवे पान हवे ते कुणी सांगितले नाही, तर पहिले खुशाल दाखव. पण ज्यावर कुणाची मजुरी अवलंबून आहे, ते त्यालाच विचार.”

मौन म्हणजे संमती, असे आपण सहज म्हणून जातो. पण गप्प राहिलेला माणूस पुष्कळदा नुसता ऐकू आलेला नसतो!