संप घरीच बनवा राव!

संप म्हणजे हरताळ नव्हे. प्रवाळांच्या टाकीखाली कपाटात जी दुसरी टाकी असते, स्किमर-हीटर जिच्यात लपवतात, ती. ऑफिसातले मित्र म्हणाले, "तुझा तासाचा रेट काढ, रेडीमेडच स्वस्त पडेल." ऐकलं.

पहिल्याच पॉवर कटला हॉलभर खारं पाणी! पंप बंद पडला की रिटर्न पाइपाचं तोंड उघडं पडेपर्यंत वरचं पाणी खाली येतच राहतं. माझी टाकी १२० बाय ४५ सेंमी; पातळी नुसती ३ सेंमी उतरली तरी १६ लिटर! तेवढी जागा संपमध्ये रिकामी हवी. दुकानदाराने मधल्या काचा इतक्या उंच लावलेल्या, की ती उरलीच नव्हती. त्याला माझी टाकी कुठे माहीत होती? आणि रेट काढणारं कुणी त्या रात्री फडकी पिळायला आलं नाही.

मग स्वतः मापं काढली, काचा कापून आणल्या, बुरशीनाशक नसलेलं सिलिकॉन लावलं. (वरची मोठी टाकी मात्र विकतच घ्या, तिथे शहाणपणा नको.) दोन दिवस घरभर व्हिनेगरचा वास आणि बायकोची बोलणी. परवा मुद्दाम मेन स्विच बंद केला आणि चहा घेऊन समोर बसलो. पाणी काठाच्या चार बोटं खाली थांबलं.